बेंच, रेटिंग आणि राजीनामा: कन्सल्टिंगमधल्या वाचकांचे प्रश्न

नोकरकपातीबद्दल प्रश्न मागवले तेव्हा आलेल्या पत्रांत कन्सल्टिंग कंपन्यांतल्या वाचकांचाच भरणा जास्त निघाला. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि कोणाची किंवा कोणत्या कंपनीची ओळख पटेल असा तपशील काढून टाकला आहे. कायदा देशागणिक बदलतो, म्हणून जिथे त्याचा संबंध येतो तिथे देशाचं नाव दिलं आहे.

प्रश्न: तिमाही संपताना मला सांगितलं की माझं युटिलायझेशन (कामाच्या तासांपैकी क्लायंटला बिल झालेले तास) ५८ टक्के आहे, टार्गेट ७५ होतं, त्यामुळे मी आता ‘वॉच लिस्ट’वर आहे. त्या तिमाहीत तीन आठवडे मला प्रकल्पच दिलेला नव्हता. सुट्ट्या आणि रजा मिळून आठ दिवस गेले. शिवाय एका प्रपोजलवर ३६ तास बसलो. हे माझं अपयश कसं?

सगळ्यात आधी भागाकार तपासा. अंशात काय धरलं हे बहुतेक जण विचारतात. छेदात काय धरलं हे कोणी विचारत नाही, आणि पाणी मुरतं ते तिथेच.

तुमच्या तिमाहीत १३ आठवडे, आठवड्याला ४० तास, म्हणजे ५२० तास. त्यातले ६४ तास सुट्टी-रजेचे, १२० तास बेंचचे, म्हणजे प्रकल्पाविना बसल्याचे, ३६ प्रपोजलचे. उरले ३००, ते क्लायंटला बिल झाले. आता ३०० ला ५२० ने भागा: ५८ टक्के. रजा आणि सुट्ट्या वजा करून ४५६ ने भागा: ६६ टक्के. प्रपोजलचे तास ‘उत्पादक’ धरून ३३६ ला ४५६ ने भागलं तर ७४ टक्के, म्हणजे टार्गेटच्या उंबरठ्यावर. आणि ज्या काळात तुम्हाला काम दिलं गेलं तेवढाच, म्हणजे ३३६ तास, छेदात धरला तर ८९ टक्के. माणूस तोच, तिमाही तीच, आकडे चार. ७५ चं टार्गेट यांतल्या कोणत्या पद्धतीवर ठरलं होतं, हा तुमचा पहिला लेखी प्रश्न. टार्गेट रजा वजा करून ठरवायचं आणि मोजणी रजेसकट करायची, असा घोळ होतो. दर वेळी तो मुद्दाम केलेला असतो असं नाही. पुष्कळदा वित्त विभागाचा रिपोर्ट एका सूत्रावर चालतो आणि एचआरचं टार्गेट दुसऱ्या.

दुसरा मुद्दा बेंचचा. प्रकल्प विकायची जबाबदारी पार्टनरची, माणसं वाटायची जबाबदारी स्टाफिंगची. कन्सल्टंटच्या हातात फक्त उपलब्ध राहणं असतं. पण ‘उपलब्ध होतो’ हे नंतर तोंडी सांगून भागत नाही. बेंचवर असाल तर दर शुक्रवारी स्टाफिंग मॅनेजरला चार ओळींची ईमेल टाका: कोणत्या तारखेपासून मोकळा आहे, या आठवड्यात कोणत्या तीन भूमिकांसाठी नाव दिलं, त्यांचं काय झालं, पुढच्या आठवड्यात काय खुलं आहे. सूर तक्रारीचा नको, नोंदीचा हवा. सहा आठवड्यांनी कोणी ‘तुम्ही पुढाकार घेतला नाही’ म्हणालं, तर या सहा ईमेल उत्तर देतात.

बेंचवरच्या माणसाला पार्टनर हटकून काहीतरी अंतर्गत काम देतात: सादरीकरण सजवा, जुन्या प्रकल्पांची यादी करा, प्रपोजलला हात लावा. काम सुरू करायच्या आधी एकच विचारा, ‘टाइमशीटला कोणता कोड टाकू?’ कोड नसेल तर ते तास ‘अ‍ॅडमिन’मध्ये जातात आणि कागदावर तुम्ही रिकामे बसलेले दिसता. आणि एखादा प्रकल्प नाकारायचा असेल तर कारण त्याच दिवशी लिहून द्या. नकाराची नोंद स्टाफिंगकडे राहते, कारणाची राहत नाही.

एवढं करूनही तुम्ही यादीतून बाहेर याल अशी हमी नाही. न विकला गेलेला तास दुसऱ्या दिवशी विकता येत नाही आणि पगार मात्र दर महिन्याला जातो, हे या धंद्याचं गणित आहे. मंदी आली की पहिला हात बेंचवर पडतो. पण ‘काम नव्हतं’ आणि ‘काम जमलं नाही’ ही दोन वेगळी कारणं आहेत. पहिल्याचं रूपांतर दुसऱ्यात करणं कंपनीला सोयीचं असतं, कारण काम नव्हतं म्हणून काढलं तर बऱ्याच देशांत नोटीस, सल्लामसलत आणि भरपाईचे नियम लागू होतात. पुढच्या बहुतेक पत्रांचं मूळ इथेच आहे.

प्रश्न: प्रोजेक्ट मॅनेजरने मला ‘अपेक्षेपेक्षा सरस’ दिलं होतं. अंतिम रेटिंग ‘अपेक्षेपेक्षा कमी’ आलं. मधे नेमकं काय होतं?

मधे कॅलिब्रेशनची बैठक होते. एकाच हुद्द्यावरच्या सगळ्यांची नावं पडद्यावर असतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला मिनिट-दोन मिनिटं येतात. तुमच्या बाजूने बोलणारा, म्हणजे तुमचा काउन्सेलर किंवा करिअर मॅनेजर, बहुतेकदा तुमच्यासोबत कधी कामाला बसलेला नसतो. त्याच्यापुढे तुमचे प्रकल्प-अहवाल असतात आणि बैठकीआधी त्याच्या कानावर पडलेलं काहीबाही असतं. वरच्या आणि खालच्या श्रेणीत किती टक्के माणसं बसवायची हे ठरलेलं असेल, तर शेवटच्या दोन-चार जागांसाठी ओढाताण होते. ज्याच्यासाठी कोणी ठामपणे बोललं नाही, तो खाली सरकतो.

ही पद्धत कन्सल्टिंगने शोधलेली नाही. जनरल इलेक्ट्रिकमध्ये जॅक वेल्श यांनी २०-७०-१० ची विभागणी गाजवली: वरचे वीस टक्के, मधले सत्तर, आणि खालचे दहा टक्के दारापाशी. मायक्रोसॉफ्टने अशी सक्तीची क्रमवारी २०१३ मध्ये बंद केली. ‘बढती घ्या नाहीतर बाहेर पडा’ हा नियमही मुळात न्यूयॉर्कच्या क्रॅव्हॅथ या वकिली कंपनीच्या पद्धतीतून आला आणि कन्सल्टिंगने तो उचलून धरला.

करण्यासारखं काम बैठकीच्या आधीचं आहे. तीन आठवडे आधी काउन्सेलरला एक पान द्या. त्यावर प्रत्येक प्रकल्पाच्या दोन ओळी: तुम्ही काय केलं, आणि त्याने क्लायंटचं काय बदललं. ‘डेटा मॉडेल बनवलं’ ही ओळ बैठकीत कोणी वाचून दाखवणार नाही. ‘महिनाअखेरचा ताळेबंद नऊ दिवसांऐवजी पाच दिवसांत बंद होऊ लागला’ ही दाखवेल. त्या माणसाला मिनिटभरात बोलता येईल असं वाक्य तुम्हीच तयार करून द्यायचं असतं.

रेटिंग लागल्यानंतर लेखी विचारा: कोणत्या निकषावर कमी पडलो, त्याचं कोणत्या प्रकल्पातलं उदाहरण धरलं, आणि प्रकल्प-अहवाल वेगळा असताना तो का बाजूला ठेवला. रेटिंग बदलण्याची शक्यता फारच थोडी. पण ‘सर्वसाधारण मत होतं’ एवढंच उत्तर आलं, तर ते उत्तरही जपून ठेवा.

प्रश्न: मला ६० दिवसांचा पीआयपी (कामगिरी सुधारण्याचा लेखी आराखडा) दिला आहे. दोनच उद्दिष्टं आहेत: ‘क्लायंटसमोर नेतृत्व दाखवणे’ आणि ‘किमान एका बिलेबल प्रकल्पावर नेमणूक मिळवणे’. सही करू का?

तुमच्या पीआयपीत दोन ठळक दोष आहेत आणि ते नेहमीचेच आहेत. पहिलं उद्दिष्ट मोजता येत नाही. दुसरं तुमच्या हातात नाही. प्रकल्प मिळाला नाही तर पहिलंही आपोआप बुडतं, कारण क्लायंटच नसेल तर नेतृत्व दाखवणार कोणापुढे? असा कागद प्रामाणिकपणे सुधारणेसाठी लिहिलेला क्वचित असतो.

सही करायला हरकत नाही, फक्त सहीजवळ ‘प्रत मिळाली, मजकुराशी सहमती नाही, उत्तर स्वतंत्र देत आहे’ असं लिहा आणि तारीख टाका. सही सिस्टिमवर क्लिक करून घेत असतील आणि शेरा लिहायची जागा नसेल, तर क्लिक केल्यावर लगेच तेच वाक्य एचआरला ईमेलने पाठवा. सही नाकारून फारसं काही मिळत नाही. ‘नाकारली’ अशी नोंद करून पीआयपी सुरूच होतो.

मग दोन-तीन दिवसांत उत्तर द्या. ते एका पानाच्या वर जाऊ नये. त्यात प्रत्येक उद्दिष्टासाठी एवढं मागा: हे ज्या प्रसंगावरून ठरलं तो प्रसंग आणि तारीख, यश कशावरून मोजणार, कोण मोजणार, त्यासाठी कंपनी काय देणार, आढावा कोणत्या तारखांना. तुमच्या बाबतीत पर्यायी मजकूर सुचवणं जास्त उपयोगाचं. उदाहरणार्थ:

‘बिलेबल नेमणूक स्टाफिंग विभागाच्या निर्णयावर अवलंबून असल्याने उद्दिष्ट असे असावे: उपलब्ध भूमिकांपैकी माझ्या हुद्द्याच्या प्रत्येक भूमिकेसाठी दोन कामकाजाच्या दिवसांत अर्ज करणे. नेमणूक झाल्यास पहिल्या ३० दिवसांत दोन क्लायंट बैठका स्वतः चालवणे आणि त्याचा लेखी अभिप्राय एंगेजमेंट मॅनेजरकडून घेणे. नेमणूक न झाल्यास मुदत तेवढे दिवस वाढवणे.’

हे मान्य होईलच असं नाही. पण नंतर वाद उभा राहिला तर तपासणारा हाच प्रश्न विचारतो, की कर्मचाऱ्याला सुधारायची खरी संधी दिली होती का. तुम्ही वाजवी बदल सुचवला आणि कंपनीने तो धुडकावला, हे कागदावर दिसलं पाहिजे.

आठवड्याच्या आढावा बैठका रद्द होत राहणं हा पीआयपीतला सर्वात नेहमीचा बिघाड. मॅनेजर दोनदा ‘पुढच्या आठवड्यात बोलू’ म्हणतो, आणि साठाव्या दिवशी निकाल तयार असतो. बैठक रद्द झाली की त्याच संध्याकाळी लिहा: ‘आजचा आढावा झाला नाही, या आठवड्यातलं काम खाली देत आहे, काही कमी असल्यास शुक्रवारपर्यंत कळवावे.’ झालेल्या बैठकीनंतरही तासाभरात तीन ओळींचा सारांश पाठवा. उत्तर आलं नाही तरी चालतं.

आणि हो, पहिल्या दिवसापासून बाहेर नोकरी शोधायला लागा. पीआयपी पार करणारे असतात, पण या धंद्यात पीआयपी नोंदवलेल्या माणसाला प्रकल्पावर घ्यायला दुसरे मॅनेजर कचरतात. त्यामुळे सुटलात तरी पुढची बेंच लांबते.

प्रश्न: पंधरा मिनिटांच्या ‘कॅच-अप’ला बोलावलं. एचआरची अनोळखी व्यक्ती बसलेली. समोर टाइप केलेला राजीनामा. ‘आजच सही केली तर दोन महिन्यांचा पगार, नाहीतर टर्मिनेशन, आणि ते पुढच्या कंपनीच्या चौकशीत दिसेल’ असं सांगितलं. मी उद्यापर्यंत वेळ मागितला आहे. काय करू?

वेळ मागितलात हे उत्तम केलंत. अशा खोलीत बोलायची वाक्यं तीनच: ‘मला दोन्ही पर्याय लेखी द्या. वाचून आणि सल्ला घेऊन उत्तर देईन. आज कोणत्याही कागदावर सही करणार नाही.’ वाद घालू नका, स्वतःच्या कामाची बाजू मांडू नका. निर्णय आधी झालेला असतो. समोरच्यांना तो फिरवायचा अधिकारही बहुधा नसतो.

‘आजच’ या शब्दाने घाबरायचं कारण नाही. कंपनी जे दोन महिने देऊ करते आहे ते तुमच्या सहीची किंमत म्हणून. त्या सहीने तुम्ही पुढचे दावे सोडता. ती सही उद्या मिळाली तरी तिचं मोल तेवढंच राहतं, म्हणून देकार रातोरात हवेत विरून जाणं विरळा.

राजीनामाच का हवा असतो? अमेरिकेत वॉर्न कायदा (१९८८) शंभर किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीला मोठ्या कपातीआधी ६० दिवसांची नोटीस द्यायला लावतो. स्वेच्छेने गेलेली माणसं त्या मोजणीत येत नाहीत. ब्रिटनमध्ये ९० दिवसांत एका आस्थापनेतून २० ते ९९ जणांना कमी करायचं असेल तर पहिल्या कपातीच्या किमान ३० दिवस आधी सामूहिक सल्लामसलत सुरू करावी लागते, १०० किंवा जास्त असतील तर ४५ दिवस आधी. भारतात कपात झालेल्या पात्र ‘कामगारा’ला एक महिन्याची नोटीस आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून मिळतो. राजीनामा दिला की यातलं काहीच लागू होत नाही. दबावाखाली दिलेला राजीनामा ही प्रत्यक्षात बडतर्फीच होती असं सिद्ध करता येतं, पण ते सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर येतं.

भारतातल्या वाचकांचा एक गैरसमज इथेच दूर करू. ‘सीनियर कन्सल्टंट’ असं पद असलं म्हणजे कामगार कायदा लागू नाही, असं एचआर सांगतं आणि ऐकणाराही मान डोलावतो. पदाच्या नावावर ते ठरत नाही. प्रत्यक्षात मुख्यतः कोणतं काम करता, माणसांवर व्यवस्थापकीय अधिकार आहेत का, यावर ठरतं. तांत्रिक काम करणारा माणूस व्याख्येत बसू शकतो. औद्योगिक संबंध संहिता २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे, त्यामुळे जुन्या लेखांवर विसंबू नका. तुमचं रोजचं काम एका पानावर लिहून कामगार कायद्याच्या वकिलाला दाखवा. त्याच दिवशी लागू झालेल्या वेतन संहितेप्रमाणे नोकरी संपल्यावर, मग राजीनामा असो की काढणं, थकीत वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यावं लागतं. ‘फुल अँड फायनलला ४५ दिवस लागतात’ हे उत्तर वेतनाच्या रकमेसाठी आता चालत नाही.

कागद हातात आल्यावर कुठे नजर लावायची? शेवटची तारीख कोणती आणि तोपर्यंत पगारपत्रकावर आहात का. जाण्याचं कारण कोणत्या शब्दांत लिहिलं आहे. पूर्ण झालेल्या वर्षाचा बोनस आणि शिल्लक रजेचे पैसे त्या ‘दोन महिन्यां’च्या आत धरलेत की वेगळे, कारण जे मुळात तुमचंच आहे तेच देकार म्हणून दाखवायची हातचलाखी सर्रास चालते. जॉइनिंग बोनस परत मागणारं कलम रद्द केलं आहे का. आरोग्यविमा कधीपर्यंत. चौकशी आली तर कंपनी काय सांगेल, तो मजकूर जोडला आहे का. ‘कंपनीविरुद्ध बोलणार नाही’ ही अट एकतर्फी आहे की दोघांवर. घासाघीस पैशांवरच करायची असं नाही. पगारपत्रकावरची तारीख महिनाभर पुढे ढकलणं आणि चौकशीचा मजकूर ठरवून घेणं हे कंपनीला स्वस्तात पडतं, म्हणून लवकर मिळतं.

काही देशांत वेळ कायद्यानेच दिलेला आहे. अमेरिकेत तुमचं वय ४० किंवा जास्त असेल तर वयाधारित भेदभावाचा दावा सोडून देण्याच्या करारावर विचार करायला २१ दिवस (सामूहिक कपात असेल तर ४५) आणि सही केल्यावर मागे फिरायला ७ दिवस मिळतात. ब्रिटनमध्ये असा करार स्वतंत्र सल्लागाराच्या सल्ल्याशिवाय बंधनकारकच होत नाही. जर्मनीत नोकरी संपवणारा कागद, राजीनामा असो की बडतर्फी, हाताने सही केलेला लागतो. ईमेल चालत नाही. आणि तिथे बडतर्फीला आव्हान द्यायची मुदत कागद मिळाल्यापासून फक्त तीन आठवडे आहे. एचआरच्या उत्तराची वाट बघण्यात ती उडून जाते.

ज्यांनी सही करून टाकली आहे त्यांनी चोवीस तासांच्या आत लिहावं: ‘आज अमुक वाजताच्या बैठकीत मला अमुक पर्याय देण्यात आले. वेळ न देता सही घेण्यात आली. हा राजीनामा स्वेच्छेचा नाही.’ महिन्याभराने लिहिलेल्या अशा पत्राला वजन उरत नाही.

प्रश्न: पुरावा म्हणून ऑफिसच्या ईमेल स्वतःच्या खात्यावर पाठवून ठेवू का?

नको. क्लायंटचं नाव, दर किंवा आकडे असलेला एक जरी कागद बाहेर गेला, तरी गोपनीयतेचा भंग म्हणून कंपनीला ठोस कारण मिळतं, आणि मग तुमच्या मूळ तक्रारीकडे कोणी बघत नाही.

तुमचे स्वतःचे कागद मात्र आधीच बाहेर हवेत: नियुक्तिपत्र, पगारपावत्या, बोनसची पत्रं, रेटिंगची पत्रं, बढतीचं पत्र. लॅपटॉप बंद झाल्यावर ते मागत बसावं लागतं. बाकीच्यासाठी घरी एक वही ठेवा. तारीख, वेळ, कोण होतं, काय म्हणालं, त्याची ईमेल कोणत्या विषयाने आली. मजकूर उतरवू नका, विषय आणि तारीख पुरते. वाद झाला तर ती ईमेल नावानिशी मागता येते. युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये माहिती संरक्षण कायद्याच्या कलम १५ खाली कंपनीकडे स्वतःबद्दलची माहिती मागता येते आणि साधारणतः महिन्याभरात उत्तर द्यावं लागतं. कॅलिब्रेशनच्या टिपणांतलं तुमच्याबद्दलचं वाक्य कधीकधी त्यातूनच बाहेर येतं.

प्रश्न: सहा महिन्यांच्या प्रसूती रजेवरून परतले. वार्षिक रेटिंगमध्ये ‘बिलिंग कमी’ असा शेरा आहे.

पुन्हा छेदाचाच घोटाळा, पण इथे तो बेकायदा ठरू शकतो. वर्षाचे ५२ आठवडे धरले तर २,०८० तास. तुम्ही २६ आठवडे कामावर होतात, म्हणजे १,०४० तास. समजा ७०० बिल झाले. एका हिशेबाने ३४ टक्के, दुसऱ्याने ६७. स्वतःचे खरे आकडे टाकून हे दोन भागाकार एकाखाली एक लिहा आणि कोणता वापरला ते विचारा.

अमेरिकेत एफएमएलए या कौटुंबिक आणि वैद्यकीय रजेच्या कायद्याखालची (१९९३) रजा नोकरीविषयक निर्णयात उणी बाजू म्हणून धरता येत नाही. भारतात १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात होती तशी आता त्याची जागा घेतलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही रजेच्या काळात काढून टाकणं किंवा सेवाशर्ती तिच्या तोट्याच्या होतील अशा बदलणं याला मनाई आहे. शेरा लावणाऱ्याच्या मनात बहुधा भेदभाव नसतो. रिपोर्टमध्ये लाल रंग दिसला आणि त्याने तो वाचला. म्हणून पहिली ईमेल आरोपाची नको, हिशेबाची पाठवा. उत्तर टोलवलं तर मग कायद्याचं नाव काढा.

पुढे कोणी रजेवर जाणार असेल तर एक गोष्ट: परतण्याच्या सहा आठवडे आधी स्टाफिंगला तारीख कळवा. चमू भरलेले असतात, नव्या माणसाला जागा व्हायला वेळ लागतो, आणि परतल्यावरचे ते रिकामे आठवडे तुमच्याच नावावर चढतात.

प्रश्न: ठरावीक रकमेच्या प्रकल्पावर आठवड्याला ५५ तास काम होतं. मॅनेजर म्हणतो टाइमशीटला ४० च भर.

यात मॅनेजरचा प्रकल्प बजेटमध्ये दिसतो आणि तुमचे १५ तास गायब होतात. पुढचा तसाच प्रकल्प मग ४० तासांच्या अंदाजावर विकला जातो, आणि त्यावरचा माणूस ‘हळू’ ठरतो. तो माणूस बहुतेकदा तुम्हीच असता.

‘बिलेबल ४०, नॉन-बिलेबल १५, त्याच प्रकल्प-कोडखाली’ असं भरू का, हे ईमेलने विचारा. तोंडी सूचना देणारा माणूस तीच सूचना लेखी द्यायला फारसा तयार होत नाही. गुळमुळीत उत्तर आलं की खरे तास भरा. क्लायंट सरकारी असेल तर तडजोड अजिबात नको. अमेरिकी केंद्र सरकारच्या कंत्राटांत खोटी टाइमशीट हा फसवणुकीचा मामला होऊ शकतो, आणि सही तुमची असते, मॅनेजरची नव्हे.

प्रश्न: करारात लिहिलं आहे की वर्षभर स्पर्धक कंपनीत जाता येणार नाही आणि क्लायंटकडेही नोकरी करता येणार नाही. कितपत खरं?

दोन्ही कलमं एका दावणीला बांधू नका. स्पर्धकाकडे जाण्यावरची सरसकट बंदी भारतात करार कायदा १८७२ च्या कलम २७ मुळे नोकरी सुटल्यानंतर सहसा टिकत नाही. कॅलिफोर्नियातही अशी कलमं निरर्थक धरली जातात. ब्रिटनमध्ये मात्र मुदत आणि व्याप्ती वाजवी असेल तर टिकू शकतात.

क्लायंटला फोडणं, सहकाऱ्यांना सोबत नेणं, गोपनीय माहिती वापरणं यांवरची बंधनं जास्त गांभीर्याने घ्या. क्लायंटकडे जायचं असेल तर आधी क्लायंट आणि कंपनी यांच्यातला करार आडवा येतो; त्यात ‘तुमची माणसं आम्ही घेणार नाही’ किंवा घेतल्यास शुल्क भरू, असं कलम असतं. तो करार तुम्हाला दिसत नाही. क्लायंटच्या एचआरला तो तपासायला सांगा, लेखी होकार आल्याशिवाय राजीनामा देऊ नका.

प्रश्न: अमेरिकेत एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहे. कपातीत नाव आलं तर किती दिवस?

नोकरी संपल्यापासून जास्तीत जास्त ६० दिवस, किंवा तुमच्या मुक्कामाची मुदत आधी संपत असेल तर तोपर्यंत. मोजणी सामान्यतः ज्या शेवटच्या दिवसाचा पगार मिळतो त्या दिवसापासून धरतात. भरपाईचे पैसे नंतर मिळाले म्हणून ती पुढे जात नाही. म्हणूनच रोख रकमेपेक्षा पगारपत्रकावरची तारीख पुढे नेणं तुमच्यासाठी मोलाचं आहे. फक्त पगार चालू आणि काम बंद असा काळ असेल तर तो कसा धरला जाईल, हे इमिग्रेशन वकिलाला विचारून मगच तारखेला होकार द्या.

प्रश्न: बेंचवर असताना काढलं. मुलाखतीत काय सांगू?

दोन वाक्यं. ‘माझ्या प्रॅक्टिसचं काम कमी झालं आणि अमुक महिन्यात त्या गटातल्या जागा कमी केल्या. माझा शेवटचा प्रकल्प अमुक क्षेत्रातला होता, त्यात मी हे केलं.’ गटातल्या बऱ्याच जणांना काढलं असेल तरच ते म्हणा, आणि जाण्याच्या पत्रातलं कारण याच्याशी जुळतंय ना ते आधी वाचून घ्या. जुन्या मॅनेजरबद्दल विचारलं तर त्याच्याकडून काय शिकलात ते एका ओळीत सांगून प्रकल्पाकडे वळा. रेटिंगचा विषय स्वतःहून काढू नका. विचारलं तर खोटं बोलू नका, अंतिम रेटिंग सांगा आणि प्रकल्पाचा अभिप्राय वेगळा होता हेही सांगा. संदर्भासाठी नाव द्यायचं ते काउन्सेलरचं नको, ज्याच्यासोबत प्रकल्पावर बसलात त्या मॅनेजरचं द्या, आणि देण्याआधी त्याला फोन करून ही दोन वाक्यं ऐकवा.